पुण्यस्मरणाच्या लेखात काय लिहावे?

प्रश्न : माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) गेल्या मार्गशीर्षात वयाच्या ९१व्या वर्षी गेले. ते १९५३मध्ये तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. वर्षश्राद्धाला थोरले दादा स्मरणिका काढणार असून मुख्य लेख मी लिहावा असे ठरले आहे. मी शिक्षिका आहे, लिहिण्याची सवय आहे. तरीही 'कुटुंबवत्सल, निगर्वी, साधी राहणी उच्च विचारसरणी' यापुढे लेख सरकत नाही. आईला, म्हणजे बाईला, विचारले तर ती म्हणते, "ते घरी होतेच कुठे?" अण्णांची नोकरी बहुतेक परगावी झाली. ७२च्या दुष्काळात धाकट्या भावाच्या बारशाला आले आणि त्याच रात्री कामावर परतले. पुढे त्याच भावासाठी एका भरतीत शब्द टाकायला त्यांनी नकार दिला. भाऊ ते विसरलेला नाही आणि स्मरणिकेत लिहायला तयार नाही. दादांचे म्हणणे, हा प्रसंग अण्णांच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून ठळक छापावा. निवृत्तीनंतरचे फार काही सांगण्यासारखे नाही. किल्लारीला भूकंपानंतर महिनाभर जाऊन राहिले होते, लोकांचे जुने उर्दू कागद वाचून द्यायचे (आणि बाईच्या उजव्या अंगावरून वारे गेल्यावर शेवटची अकरा वर्षे तिची वेणी तेच घालायचे). मी काय आणि कसे लिहू?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. निवृत्तीनंतरचे फार काही सांगण्यासारखे नाही, असे आपण लिहिले आहे आणि त्याला लागूनच किल्लारी, उर्दू कागद व बाईंची वेणी अशा तीन गोष्टी घाईघाईने उरकल्या आहेत. त्यांतली शेवटची तर कंसात टाकली आहे. अण्णा ५८व्या वर्षी निवृत्त झाले असतील, तर नोकरी साधारण ३८-३९ वर्षांची आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य ३३ वर्षांचे झाले. एवढा मोठा काळ 'सेवानिवृत्तीनंतर ते समाधानाने जीवन व्यतीत करीत होते' या एका वाक्यात गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे, की लिहिणाऱ्यालाही त्यात काही सुटले असे वाटत नाही. माझा सल्ला असा, की आपण लेखाची सुरुवात त्या कंसापासूनच करावी.

ज्या माणसाच्या हाताला आयुष्यभर टाक, रूळ आणि कचेरीचा शिक्का यांचीच सवय होती, त्याने ऐंशीच्या घरात बायकोची वेणी घालायला शिकावे, ही साधी गोष्ट नाही. ती नेमकी कशी घडली, हे बाईंना विचारा. पहिल्या दिवशी कोणी शिकवले, की कोणी शिकवलेच नाही? तेल आधी लावायचे की गुंता आधी काढायचा, यावरून दोघांत बोलाचाली होत होती का? सुरुवातीला वेणी सैल पडून दुपारपर्यंत सुटत असणार. तेव्हा बाई सुनेला हाक मारत, की तशीच राहू देत? फणी कुठे ठेवलेली असे, आणि अण्णा हे काम पेपर वाचण्याआधी करत की नंतर? उत्तरे मिळतील तशी, बाईंच्या बोलीतच, उतरवून घ्या. हा एक परिच्छेद नीट लिहून झाला की 'कुटुंबवत्सल' हे विशेषण लेखात कुठेही घालायची गरज आपल्याला पडणार नाही.

विशेषणांबद्दल थोडे बोलणे भाग आहे. निगर्वी, मनमिळाऊ, प्रेमळ हे शब्द खोटे असतात असे नाही. पण तेच शब्द चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवरच्या प्रत्येक दिवंगत माणसाला लावलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून थेट फोटोवर जाते आणि फोटोवरून पुढच्या पानावर. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर आपण 'उदाहरण द्या' असा शेरा मारत असालच. तोच शेरा आपल्या कच्च्या लेखातल्या प्रत्येक विशेषणापुढे लाल शाईने मारा, आणि ज्याला उदाहरण सापडणार नाही ते विशेषण कितीही आवडते असले तरी काढून टाका.

आता बाईंचे वाक्य. "ते घरी होतेच कुठे?" हे वाक्य आपल्याला अडचणीचे वाटते आहे, कारण ते 'कुटुंबवत्सल' या प्रतिमेला छेद देते. मला मात्र संपूर्ण पत्रातली सर्वांत भरवशाची साक्ष तीच वाटते, आणि ती आहे तशी छापावी असे माझे मत आहे. महसूल खात्यातल्या त्या पिढीतल्या माणसाची नोकरी म्हणजे फिरती, जमाबंदी, वसुली, पंचनामे, निवडणुका आणि तीन-चार वर्षांनी येणारा बदलीचा कागद. मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी, हे मराठवाड्यातल्या असंख्य घरांचे ठरलेले गणित होते. अण्णांनी जी लोकसेवा केली, ती करता यावी म्हणून घर कोणीतरी सांभाळत होते. महिन्याच्या पैशांत ज्वारी, रॉकेल आणि वह्या बसवणारी, तापलेल्या पोराला रात्री उचलून दवाखान्यात नेणारी, दारात आलेल्या पाहुण्याला 'ते फिरतीवर आहेत' असे सांगून चहा देणारी ती व्यक्ती अजून आपल्या घरात आहे आणि बोलू शकते, हे आपले मोठे भाग्य आहे.

बाईंना 'अण्णा कसे होते?' असे विचारू नका. असा प्रश्न कानावर पडला की कुणीही माणूस सभेत बोलल्यासारखा बोलू लागतो. त्याऐवजी बिऱ्हाडांची नावे घेत क्रमाने विचारा : त्या गावी खोली कोणाची होती, भाडे किती होते, पाणी आडावरून आणायचे की नळाला यायचे, शेजारी कोण होते, कोणत्या बिऱ्हाडात कोणते मूल जन्मले. घराची गोष्ट निघाली की त्या घरात अण्णा केव्हा यायचे, येताना काय आणायचे, आल्यावर पहिल्यांदा कोणाची चौकशी करायचे, हे आपोआप निघेल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण फोन नजरेआड ठेवा. एका बैठकीत फार विचारू नका, आणि उत्तर द्यायला त्या थांबल्या तर ती जागा आपल्या बोलण्याने भरून काढू नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उमेदीच्या वर्षांत अण्णा घरी नव्हते आणि म्हातारपणी त्यांनी बाईंची वेणी घातली, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'अशा रीतीने त्यांनी सारे भरून काढले' असे लिहिण्याचा मोह होईल. तसे लिहू नका. भरून निघाले की नाही, हे सांगण्याचा अधिकार फक्त बाईंचा आहे. त्यांनी सांगितले तर त्यांच्या शब्दांत लिहा, न सांगितले तर दोन्ही गोष्टी नुसत्या नोंदवून पुढे जा.

धाकट्या भावाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि इथे दादांचे म्हणणे मला मान्य नाही. वडिलांनी मुलासाठी शब्द टाकला नाही, हा प्रामाणिकपणा खराच. पण त्या प्रामाणिकपणाची किंमत वडिलांनी मोजली नाही, ती मुलाने मोजली. ज्याने किंमत मोजली त्याला न विचारता तो प्रसंग चौकटीत, ठळक टाइपात, कौतुकाच्या सुरात छापणे म्हणजे त्याच्या दुःखावर वडिलांची आरास करणे होय. आपल्याकडील पुण्यस्मरणांत हे सर्रास घडते : बापाने पोराला मारले ते 'शिस्तप्रिय', लेकीला पुढे शिकवले नाही ते 'परंपरा जपणारे', आणि घरात कोणाची काय गत झाली याचा कुठेही उल्लेख नाही. मला हा प्रकार मनापासून खटकतो.

भावाकडे फोनवर हा विषय काढू नका. त्याच्या घरी जा, आणि दादांना बरोबर नेऊ नका. 'तू लिही' असा आग्रह धरण्याऐवजी, त्या भरतीच्या वेळी नेमके काय झाले, अण्णा त्याच्याशी काय बोलले, नंतर कधी त्या विषयावर दोघांत पुन्हा बोलणे झाले का, एवढेच ऐकून घ्या. त्याने परवानगी दिली तर दोन-तीन सरळ वाक्यांत लिहा, की अण्णांनी नकार दिला, त्याचा धाकट्याच्या आयुष्यावर असा परिणाम झाला, आणि तो नकार त्याला आजही पटलेला नाही. परवानगी दिली नाही, तर प्रसंग वगळा. अण्णांचा प्रामाणिकपणा सांगायला तीन तपांच्या नोकरीत दुसरे प्रसंग नसतील, असे मला वाटत नाही. बारशाची गोष्टही त्याच मुलाची आहे, म्हणून तीही त्याला आधी दाखवा. जन्माच्या वेळी दुष्काळ आणि नोकरीच्या वेळी नियम, असे दोनदा त्याच्याच वाट्याला आले आहे.

बारशाच्या रात्री अण्णा परत गेले ते कशासाठी, हे मात्र लेखात भरपूर लिहायला हवे, कारण आज पन्नाशीच्या आतल्या वाचकाला ते सांगितल्याखेरीज कळणार नाही. १९७२चा पाऊस गेला, त्याआधीची वर्षेही तुटीचीच होती, आणि १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्यांच्या कामांवर राबत होती. रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळे, कामांवर सुकडी वाटली जाई. एवढ्या माणसांची हजेरी मांडणे, मोजमापाचा मजुरीशी मेळ घालणे, पगाराची रोकड वेळेवर जागेवर पोहोचवणे, हे काम तहसील कचेरीतल्या कारकुनांनी, ओव्हरसियरांनी आणि तलाठ्यांनी केले. हजेरीपटावर एक नाव चुकले किंवा वाटप एका आठवड्याने पुढे गेले, तर त्या घरची चूल थंड राहायची. या कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. ही सारी पार्श्वभूमी चार-पाच वाक्यांत द्या आणि लगेच अण्णांकडे वळा : ते तेव्हा कोणत्या पदावर होते, कोणत्या कामावर नेमलेले होते, तिथे राहत कुठे आणि जेवत काय. त्यांच्या हाताखाली झालेला एखादा पाझर तलाव आजही पाणी धरत असेल, तर एका रविवारी तिथे जाऊन या. काठावरच्या शेतात त्या कामावर माती वाहिलेली एखादी आजी अजून भेटू शकते, आणि ती सांगेल ते कोणत्याही आमदाराच्या संदेशापेक्षा मोलाचे असेल.

किल्लारीबद्दलही तसेच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जे घडले त्याबद्दल सर्वांनाच ढोबळ माहिती आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत बसू नका. आपल्याला सांगायचे आहे ते एवढेच, की अण्णा तेव्हा निवृत्त होते, त्यांना कोणी आदेश दिलेला नव्हता, प्रवासभत्ता मिळणार नव्हता, आणि तरी ते महिनाभर तिथे राहिले. निवृत्त महसूल कर्मचारी अशा ठिकाणी काय करू शकतो? ढिगाऱ्याखाली माणसांबरोबर कागदही गेलेले असतात. मृतांच्या याद्या, वारसांची नावे, पडलेल्या घरांचे पंचनामे, नुकसानीचे अर्ज, हे सगळे कोणाला तरी बिनचूक लिहावे लागते, आणि ते लिहिण्याची रीत ज्याला ठाऊक आहे अशा माणसाची तिथे किती गरज असेल, याची कल्पना करा. त्यांनी यातले नेमके काय केले, हे त्यांच्याबरोबर गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याकडून मिळवा. तो सापडला नाही तर 'महिनाभर होते' एवढेच लिहा. तर्काने भर घालू नका.

उर्दू कागदांची गोष्ट तर मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला मुद्दाम समजावून सांगावी अशी आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती, आणि अण्णांच्या पिढीने शाळेत ती शिकून घेतली. मुंतखब (इनामाच्या हक्काचा दाखला), सेतवार (जमिनीची सर्व्हे नंबरवार नोंद), जुनी खरेदीखते घरोघरी पेट्यांत पडून होती, वाद निघाला की बाहेर यायची आणि वाचणारा मिळायचा नाही. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तर चाळायची वेळ आली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली, हे आपल्या स्मरणात असेल. अण्णा हे काम ओसरीवर बसून वर्षानुवर्षे करीत होते. ते त्याचे पैसे घेत होते का, कागद कोणाच्या बाजूचा निघाला आणि माणूस नाराज होऊन गेला असे कधी झाले का, कागद वाचताना चष्म्यावर भिंग धरत का, असे बारकावे घरातल्या नातवंडांना नक्की आठवत असतील. त्यांना विचारा, मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले पुष्कळदा मुलांनी पाहिलेले असते.

तारखांबाबत दक्ष राहा, कारण स्मरणिका घरात राहते आणि पुढची पिढी तिलाच प्रमाण मानते. अण्णांचा जन्म निजामी राजवटीतला, तेव्हा घरच्या जुन्या टिपणात तो फसली सनात, म्हणजे निजामी कारभारातल्या महसुली वर्षात, असण्याची शक्यता आहे. हैदराबाद संस्थानातले फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई, आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३४३ म्हणजे १९३३-३४. शाळेच्या दाखल्यावरची तारीख १ जून किंवा १ जुलै असेल, तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असू शकते. त्या पिढीचे निम्मे वाढदिवस शाळेच्या सोयीने ठरलेले आहेत. 'अण्णा १९५३मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सेवेत रुजू झाले' असे लिहू नका. ते हैदराबाद राज्याच्या नोकरीत लागले, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. खुर्ची तीच राहून त्यांचे सरकार दोनदा बदलले. जिल्ह्यांचीही तीच कथा. जालना जिल्हा १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा; त्यापूर्वीची बदली परतूरला झाली असेल तर ते परभणी जिल्ह्यात होते, हिंगोलीला झाली असेल तर तीही परभणीतच. त्या काळचे नाव लिहून आजचे नाव शेजारी द्या.

या तपशिलांसाठी घरातली पत्र्याची पेटी आधी उघडा. नियुक्तीचे व बदलीचे आदेश, कार्यमुक्त केल्याची पत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश, फिरतीची दैनंदिनी, मनिऑर्डरच्या पावत्या यांतले जे सापडेल ते तारखेनुसार लावा. मनिऑर्डरच्या पावत्या सापडल्याच तर त्यांना विशेष जपा. घरी नसलेला माणूस घराचे काय करीत होता, हे त्यांवरच्या तारखा आणि रकमा सांगतील. सगळे कागद लेखात कोंबू नका. दोन पाने फोटो काढून छापली तरी पुरेत.

स्मरणिकेविषयी दादांना माझ्या वतीने एक विनंती करा. पुढाऱ्यांच्या संदेशांची पाने कमी करून, ज्यांनी अण्णांबरोबर एका टेबलावर काम केले अशा शिपायाला, तलाठ्याला, कोतवालाला प्रत्येकी अर्धे पान द्यावे. ते लिहू शकत नसतील तर आपण त्यांच्याकडे जाऊन लिहून घ्यावे. आणि शेवटच्या आजारपणात ज्यांनी अण्णांचे हगणे-मुतणे काढले, रात्री जागवल्या, त्या सुनेचे, नातवाचे किंवा पगारी मावशींचे नाव निवृत्त न्यायमूर्तींच्या नावाच्या वर यायला हरकत नसावी. ९१ वर्षांचे आयुष्य एकट्याच्या बळावर होत नाही, विशेषतः त्याची शेवटची वर्षे.

लेख दीड हजार शब्दांच्या आत ठेवा. कच्चा मजकूर तयार झाला की पहिल्यांदा धाकट्या भावाकडे न्या, मग बाईंना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या जिथे 'असं नव्हतं' म्हणतील तिथे तेवढ्यापुरते थांबून दुरुस्ती करून घ्या. दादांना मजकूर त्यानंतर द्या, म्हणजे छापखान्याच्या घाईत कोणाचे वाक्य सोयीप्रमाणे बदलले जाणार नाही. आणि बाईंचे वाक्य काढण्याचा आग्रह झालाच, तर ते त्यांच्या परवानगीने छापत आहोत, असे सांगून ठाम राहा.